हंसाचा पडदा

भगवंत तांडेलने काढलेल्या फोटोंत माणसाच्या मागे त्याचं घर दिसतंच. कुठे ओटा, कुठे वलांडीवर वाळणारे बोंबील. पण या गृहस्थाची सुरुवात भलत्याच थाटात झाली होती.

पालघरच्या भातगिरणीत तो कारकून होता. दुपारच्या सुट्टीत डबा कसाबसा पोटात ढकलून जवळच्या तात्यांच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसायचा. तात्यांची सगळी शान म्हणजे मागचा रंगवलेला पडदा. त्यावर तळं, तळ्यात हंस, काठावर महाल. सफाळ्याचा शेतकरी असो की दातिवऱ्याचा नाखवा, त्या पडद्यापुढे बसला की संस्थानिक दिसायचा. "मागे पडदा नसेल तर तो फोटो नव्हे, नुसती गर्दी," असं तात्या म्हणत. भगवंताला ते ब्रह्मवाक्य वाटे. तात्यांकडूनच त्याने जुना बॉक्स कॅमेरा घेतला आणि रविवारी गावी जाऊन, मागे चादर टांगून, तो फोटो काढू लागला. समुद्राकडे, होड्यांकडे त्याने कॅमेरा कधी वळवला नाही. ते तर रोजचंच होतं. हंस कुठे रोज दिसतो?

त्याची वाडी तारापूरकडच्या किनाऱ्यावर होती. साठच्या दशकात तिथे वीजकेंद्राचं काम निघालं आणि वाडी उठणार असं ठरलं. त्याची आई साखरबाई त्याला म्हणाली,

"भगवंता, घराचा फोटू काड. नव्या जागी भितीवर लावीन. तुज्या बापानं बांदलेलं हाय."

बाप धर्माजी वारून बरीच वर्षं झाली होती. तो ओट्यावर बसून जाळं विणायचा. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि टाच खालच्या मातीच्या पायरीवर रोवायचा. त्या टाचेने पायरीत खळगा पडला होता. पायरी सारवताना साखरबाईने तो कधी बुजवला नाही.

आईचं मागणं म्हणजे साधं काम नव्हे. चादर कसली टांगायची? भगवंताने तात्यांच्या हातापाया पडून खुद्द हंसाचा पडदा मागून आणला, तोही एसटीच्या टपावरून. मग वाडीतल्या सगळ्यांनीच आपापल्या घराचा फोटो मागितला. एकेका घराच्या वळचणीला पडदा बांधायचा आणि पुढे माणसं ठेवणीतली लुगडी, कोट घालून उभी राहायची. फोटोला पडदा लागतोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्याही मनात शंका आली नाही.

वारा तेवढा ऐकेना. शेजारचा दामू पडदा खालून धरून बसला, पण साखरबाईच्या वेळी नेमका त्याच्या हातून एक कोपरा सुटला. रोल तिथेच संपला. भगवंत दामूवर असा उखडला की विचारू नका.

लग्नसराईमुळे तात्यांनी फोटो धुवायला बराच उशीर लावला. तोवर वाडी उठली होती. वासे आणि कौलं लोकांनी सोबत नेली, मातीच्या भिंती पावसात बसल्या.

नव्या वसाहतीत भगवंताने फोटो वाटले. हंस झकास आला होता, महालही. दामूची आई रंभाबाई फोटो उलटसुलट करून बघत राहिली.

"आनि घर कुटं हाय रं?"

 एकेक फोटो भगवंताने परत हातात घेतला. सगळीकडे महालच होता.

आईचा फोटो बिघडला म्हणून त्याने पिशवीतच ठेवला होता. साखरबाईने हात पुढे केला.

"माजा दे."

"तो खराब आलाय, आये."

"दे तरी."

पडद्याचा कोपरा हंसासकट वर उडाला होता आणि त्याच्याखाली ओट्याची कड आणि पायरी उघडी पडली होती. साखरबाई फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेली. भगवंत मान खाली घालून उभा होता. त्याला रडू आवरत नव्हतं. तिने त्याला जवळ बोलावलं आणि खळग्यावर बोट ठेवलं.

"ही बग, तुज्या बापाची टाच."