साळ्याच्या हातातली मशीन

माझा साळा चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तेच होतं. वाईट असता तर मी त्याला शिव्या घालत सुखाने जगलो असतो.

मी पांढरकवड्याला ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायच्या कारखान्यात मिस्त्री होतो. कारखाना म्हणजे हैदराबादच्या रस्त्याच्या कडेला टिनाचं एक लांब छप्पर आणि त्याखाली रचलेल्या सागाच्या फळ्या. रंधा मारण्यात माझा हात धरणारा त्या रस्त्यावर दुसरा कोणी नव्हता. लग्नानंतर बायकोने टुमणं लावलं म्हणून तिच्या धाकट्या भावाला मीच झरीकडच्या त्यांच्या खेड्यातून आणलं, माझ्याच घरात ठेवलं, माझ्याच हाताखाली कामाला लावलं. रंधा कसा धरायचा हे मीच त्याला शिकवलं. त्याला तो बरा जमायचा, पण माझ्या पासंगालाही पुरायचा नाही. त्यामुळे आमचं छान चाललं होतं.

साठ साल उलटून गेलं होतं. गावात वीज आली, कारखान्यात दिवा लागला, आणि मग एक दिवस शेठ नागपूरहून विजेवर चालणारी घासायची मशीन घेऊन आला. दोन्ही हातांनी धरायची, पुढे रबराची गोल थाळी, थाळीवर खरखरीत कागद चढवायचा. खटका दाबला की थाळी गरगर फिरायची आणि लाकूड गुळगुळीत व्हायचं. ज्या फळीवर माझी सगळी दुपार जायची, ती हातातला चहा निवायच्या आत तयार.

मिस्त्री मी, तेव्हा मशीन माझीच, यात मला शंका नव्हती. मी हात पुसून उभासुद्धा राहिलो होतो. शेठने सगळ्यांसमोर ती साळ्याच्या हातात दिली. मला म्हणाला, "मिस्त्री, तुमचा हात रंध्यावर बसला हाय. हे नव्या हाताचं काम." मी हसलो. संध्याकाळपर्यंत माझा जबडा दुखत होता.

आणि त्या मशीनची काय ती बडदास्त! नागपूरच्या दुकानदाराने शेठला जे जे सांगितलं, ते ते शेठने साळ्याला सांगितलं आणि याने पोथीसारखं पाळलं. कागद बदलायचा तर पहिले भिंतीतली पिन काढायची, मगच थाळीला हात लावायचा. धोतर गेलं, पायजमा आला. बाह्या कोपराच्या वर. दुपट्टा नाकातोंडावर घट्ट बांधून टोकं मागे खोचलेली, डोळ्यांवर कुठल्याशा मोटरसायकलवाल्याचा जुना चष्मा. थाळी पुरती थांबल्याशिवाय मशीन खाली टेकवायची नाही. काम संपलं की सायकलच्या पंपाने तिच्या जाळीतला भुसा उडवायचा आणि वायर कुठे सोलली का ते बोटांनी चाचपून पाहायचा. पिनेला तिसरी, जाड दांडी होती. शॉक बसू नये म्हणून तिची तार शेठने जमिनीत गाडून घेतली होती. ती जागा ओली राहावी म्हणून हा रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतायचा.

"घरच्या तुयशीले कधी पानी घातलं नाही, अन् तारेले घालून राह्यला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो. सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि पाणी घालायचा.

घरी तर विचारूच नका. बायकोने तिच्या चांगल्या लुगड्याचा पदर फाडून मशीनसाठी पिशवी शिवली, वर नाडी ओवून. माझा रंधा इतकी वर्षं बारदानात गुंडाळलेला होता, त्याच्यासाठी तिला कधी चिंधी सापडली नव्हती. ताटावर बसलं की भावाचं कौतुक सुरू. रस्त्यावरचे ड्रायव्हर म्हणे चहा सोडून त्याचं काम पाहायला येतात. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. माझा जळफळाट कोणापासून लपलेला नव्हता आणि मी तो लपवतही नव्हतो. "थे मशीन एक दिवस याचा हात खाईन," हे मी चारचौघांत कितीदा तरी बोललो होतो.

मग दसऱ्याआधीची नवमी आली. नवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. करवत, पटाशी, रंधा, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, फूल, आणि प्रत्येकाला लाल नाडा बांधायचा. बांधलेला नाडा कापायचा नाही. झिजून आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल. माझ्या रंध्याच्या मुठीला जुने नाडे काळे होऊन चिकटले होते. नवं हत्यार असेल तर त्याच्या नाड्यात हळकुंड बांधायचं, ही आमच्या घराण्याची रीत. घरात नवं माणूस आलं की त्याचा मान करतात, तसंच.

पूजा करायचा मान मिस्त्रीचा. मशीन साळ्याची असली तरी पूजा माझी होती, आणि ती मी कोणाला करू देणार नव्हतो. मी मशीनला हळदीकुंकू लावलं आणि थाळीच्या मागे जी तिची मान असते, तिथे हळकुंडाचा नाडा चांगल्या दोन गाठी मारून बांधला. सगळं सगळ्यांसमोर. साळ्याने नमस्कार केला. त्याला तिथून नाडा सोडावासा वाटला नाही आणि मलाही वाटला नाही. ज्याचा बाप हत्याराचा नाडा कापत नाही, त्याच्या मनात तसं येणार तरी कसं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मशीन उचलली आणि खटका दाबला. नाड्याचं टोक फिरत्या थाळीने ओढलं, हळकुंड थाळीच्या मागे जाऊन अडकलं आणि मशीन त्याच्या हातातून उसळली. खाली पडता पडता तिने त्याच्या उजव्या पंजाची कातडी मनगटापासून बोटांपर्यंत सोलून काढली. खटका दाबलेलाच राहिला होता. मशीन जमिनीवर गुरगुरत नाचायला लागली. मी धरायला धावलो.

"भाऊजी, हात नका लावू तिले," तो म्हणाला. रक्त गळत असलेल्या हाताने तो भिंतीपर्यंत गेला, त्याने पिन ओढली, आणि मशीन गप्प झाल्यावरच खाली बसला.

दवाखान्यातून पट्टी बांधून त्याला आणेपर्यंत कारखान्यात निकाल लागून गेला होता. नाडा कोणी बांधला? मिस्त्रीने. हात खाईल असं कोण म्हणत होतं? मिस्त्री. शेठने मला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, "मिस्त्री, उद्यापासून तुमी येऊ नका." मी जळत होतो हे खरं होतं, आणि नाडा मी श्रद्धेने बांधला होता हेही खरं होतं. पण पहिलं खरं सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे दुसरं ऐकायला कोणी थांबणार नव्हतं. रात्री घरी बायकोनेसुद्धा विचारलं, "अवो, तुमी जानूनबुजून तं नाही ना बांधलं?" लग्नानंतर पहिल्यांदा मला तिच्याकडे पाहवलं नाही, इतका राग आला.

सकाळी साळा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून शेठपुढे उभा राहिला. "चूक माही हाय," तो म्हणाला. "पिन लावाच्या पहिले मशीन चारही बाजूनं पाहा, असं तुमीच सांगतलं होतं. म्या पाह्यलं नाही. भाऊजीनं तं पूजा केली."

शेठने मला ठेवून घेतलं. कारखान्यातल्या लोकांनी साळ्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर कोणी मारली नाही. मी निर्दोष ठरलो होतो खरा, पण वाहवा त्याचीच झाली.

त्याचा हात बरा होईपर्यंत मशीन माझ्याकडे आली. तो बाजूला उभा राहून सांगायचा: भाऊजी, बाह्या वर घ्या, भाऊजी, पहिले पिन. जोर देऊ नका, तिच्या वजनानंच घासू द्या. मला मशीन आवडली. फार आवडली. हातात धरली की अंगभर झिणझिण्या यायच्या आणि फळी आरशासारखी व्हायची. त्याचा हात बरा झाला तेव्हा मी ती लुगड्याच्या पिशवीत घालून त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ती घेतली नाही. शेठला म्हणाला, "मशीन भाऊजीपाशीच राहू द्या. त्याहिचा हात बसला आता. मी रंधा मारतो."

त्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, "भेटली ना मशीन? आता तरी तुमचं पोट दुखाचं थांबन?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पिन काढून मी थाळीवर नवा कागद चढवत होतो. मशीन थांबलेली असल्याने छपराखाली आवाज फक्त रंध्याचा होता. पलीकडच्या टोकाला साळा वाकून रंधा मारत होता. दुखावलेला हात तो जरा तिरपा धरत होता, आणि त्यामुळे की कशामुळे कोण जाणे, लाकडाचा छिलका न तुटता लांबच लांब निघत होता. शेठ त्याच्या शेजारी हाताची घडी घालून पाहत उभा होता. माझा रंधा पाहायला तो इतक्या वर्षांत एकदाही थांबला नव्हता.