कान खाली असलेला ससा

पन्नाशी उलटली की आमच्या ऑफिसातल्या बायका योगा लावतात, नाहीतर गाणं शिकायला जातात. मी दुर्बीण घेतली. अँटॉप हिलला राहणारा धाकटा भाऊ फोनवर खो खो हसला. "ताई, करी रोडला आकाश उरलंय कुठे?" त्याचं अगदीच खोटं नव्हतं. चाळ पाडून आमची बिल्डिंग झाली आणि आजूबाजूला एवढे टॉवर उठले की आता चंद्रालाही जागा बघून यावं लागतं. पण आमच्या गच्चीवरून पूर्वेला दोन टॉवरांमध्ये एक फट आहे, आणि उन्हाळ्यातल्या पौर्णिमेला चंद्र बरोबर तिथून वर सरकतो. मला तेवढी फट पुरेशी होती.

दुर्बीण माझ्या हौसेची, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती आईसाठी होती.

दर वैशाख पौर्णिमेला आई आमच्या विहाराच्या अंगणात पोरांना सशाची गोष्ट सांगते. मी फ्रॉकात होते तेव्हापासून सांगते. सशाच्या दारात भुकेला पाहुणा येतो. सशाकडे गवताशिवाय काही नाही, मग तो म्हणतो, मलाच खा, आणि विस्तवात उडी घेतो. विस्तव गार पडतो, पाहुणा निघतो देवांचा राजा, आणि तो सशाचं चित्र चंद्रावर काढून ठेवतो. इथवर आलं की आई वर बोट दाखवून म्हणते, "तो बघा!" सगळ्या माना एकदम वर होतात. दरवर्षी तीच गोष्ट, पण त्या बोटाला दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं गेलं ते गेलं, कडेकडेचं राहील. आई घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "यंदा गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी सांगू दे. मला ससा दिसत नाही."

"अगं, पोरांना दिसतोय ना! तू नुसतं बोट दाखव."

"खोटं बोट दाखवू? छोट्या पोरांना?" ती अशी काही बघायला लागली की मी कपबशी उचलून आत गेले. पण मनात म्हटलं, हिला ससा दाखवला नाही तर नावाची नाही.

तर दुर्बीण आली. पहिल्याच पौर्णिमेला आईला लिफ्टने गच्चीवर नेलं, खुर्ची दिली, डोळा लावायला लावला. "वा गं बाय!" आई म्हणाली. "काय टपोरा दिसतोय!" मी खूश. सहज पुढे जाऊन बघते तर काय, दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण तसंच! मला आधी हसू फुटलं. गुपचूप झाकण काढलं आणि म्हटलं, आई, परत बघ जरा. तिने बघितलं.

"तसाच आहे की," ती म्हणाली.

माझं मन मोडू नये म्हणून ही बाई काळोखाचंही कौतुक करत होती. पोरांपुढे खोटं चालत नाही, माझ्यापुढे चालतं! राग आला, रडूही आलं. भावाला हे सांगितलं आणि पस्तावले. तेव्हापासून फोन उचलला की त्याचं पहिलं वाक्य, "झाकण काढलंस का?"

पण उपाय त्यानेच सुचवला. दुर्बिणीला कॅमेरा लाव, फोटो काढ आणि टीव्हीवर मोठा करून दाखव. कॅमेरा घेतला. त्याचे फोटो उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, तेही लॅपटॉपवर घातलं. आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. ज्याने ते सॉफ्टवेअर बनवलं, त्याने जन्मात कधी आपल्या आईला काही दाखवलेलं नसणार. फोटो उघडला की ठार काळा. खाली डोंगरासारखा एक आलेख, त्याच्याखाली सरकवायच्या पट्ट्या. एक पट्टी सरकवली की चंद्र दुधात बुडाल्यासारखा पांढराफटक, दुसरी सरकवली की परत अमावास्या. भावाला फोन लावला. तो काही बोलायच्या आत मीच ओरडले, "काढलंय झाकण!"

चैत्र पौर्णिमेला संध्याकाळी फटीतून चंद्र वर आला तसे मी गच्चीवर पटापट फोटो काढले आणि धावत खाली आले. लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडला. आई टीव्हीच्या अगदी पुढ्यात पाट टाकून लसूण सोलत बसली होती. लसणाला डोळे लागत नाहीत, असं ती हल्ली म्हणते. पट्ट्या सरकवून सरकवून मी एकदाचा चंद्र जमवला. राखाडी, गोल, सशासकट. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

"आई, दिसतो?"

"दिसतो की. छान आहे." हात लसणावरच.

हा तोच आवाज होता. झाकणवाला. माझं तोंड उतरलं, पण तिला ते दिसलं नाही तेवढं बरं. म्हटलं, अजून थोडा ठळक करून बघू. बटणावर नेमकं काय लिहिलंय ते न वाचताच दाबलं आणि सगळा फोटो निगेटिव्ह झाला. आकाश पांढरं, चंद्र काळाकुट्ट आणि त्यावरचे डाग पांढरे.

"मेले! हे काय झालं आता!" मी परत बटण शोधायला लागले.

"थांब. हात नको लावूस." आईने लसूण खाली ठेवला. मान तिरकी केली, कडेने बघायला ती तशीच करते, आणि टीव्हीच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "अगं, हा तर उलटा आहे."

"हो गं, माहितीय. चुकून दाबलं गेलं, काळ्याचं पांढरं झालंय. थांब, सरळ करते."

"रंगाचं नाही बोलत मी!" आई माझ्यावर खेकसली. "ससा उलटा आहे. कान खाली आलेत त्याचे!"

मी टीव्हीकडे बघितलं. दुर्बिणीतून सगळं डोकं खाली पाय वर दिसतं, हे मला पाठ होतं, पण सॉफ्टवेअरच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काळ्या चंद्रावर पांढराशुभ्र ससा डोकं खाली करून लटकत होता. आणि आईचं लसणाचा वास येणारं बोट टीव्हीच्या काचेवर, बरोबर त्याच्या कानांवर टेकलेलं होतं.

मला एवढा आनंद झाला की मी नुसती हसत सुटले, डोळ्यांतून पाणी, तोंडाने हसू. परत छान आहे म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. पण तिने चूक काढली होती.

"दात काय काढतेस?" आई म्हणाली. "आधी त्याला सरळ कर. विहारात काय पोरांना उलटा टांगलेला ससा दाखवू?"