बाजूचं गाव

साठ सालानंतर काही वर्षं मी अमरावतीत भूगोलाचा मास्तर होतो. राजापेठेतल्या माझ्या खिडकीसमोर एक सरकारी कचेरी होती, आणि तिच्या खिडकीत दिवसभर मान वाकवून बसलेला एक नकाशे काढणारा माणूस. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही; आज त्याची लाज वाटते. भूकंपाचा धक्का कोणकोणत्या गावांना बसला, याच्या याद्या त्याच्याकडे टपालाने यायच्या. तो ती गावं नकाशावर काळ्या शाईच्या ठिपक्यांनी मांडायचा. टाक टेकवण्याआधी श्वास रोखायचा, आणि ठिपका नीट उमटला की मगच सोडायचा.

घाटाकडे मोठा भूकंप झाला, त्यानंतर मी शाळेसाठी नकाशा मागायला गेलो. त्याने हातातलं काम दाखवलं. ठिपके मोहरीएवढे. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "अहो, जरा मोठे काढा. मागच्या बाकावरच्या पोरांना दिसायला नकोत का?"

त्याने एका ठिपक्याशेजारी बोट ठेवलं.

"या गावात माही बहीण देली होती, सर. घर पडलं, त्यात गेली. मले बी वाटते, हा ठिपका मोठा काढावा. पण मोठा केला तं बाजूचं गाव झाकून जाते. तिथंबी कोणाची तरी बहीण असनच ना."

त्याने टाक शाईत बुडवला, श्वास रोखला आणि बाजूच्या गावाचा ठिपका काढला. तेवढाच.