खटक्याची भीती

भांडुपच्या स्टेशनामागे दशरथची विजेवर चालणारी पिठाची गिरणी होती. गोष्ट छप्पन्न सालची. दशरथ कुडाळकडचा, आधी परळला गिरणीत साच्यावर कापड विणायचा, मग ही चक्की घातली. माणूस मोठा गमत्या, आणि भीती घालण्यात तर एक नंबर. भिंतीवरच्या मोटरच्या खटक्याला बायकांनी हात लावू नये म्हणून त्यानं नाना कथा रचल्या होत्या. एकीची बोटं कोळशासारखी काळी पडली. एक गुरव तीन दिवस चिकटून राहिला, त्याला पेजसुद्धा तिथंच भरवली. बायका हसायच्या, पण खटक्यापासून चार हात लांब उभ्या राहायच्या.

त्या दुपारी करंट गेला आणि चक्की घरघरत थांबली. एरवी दशरथ आधी खटका खाली ओढायचा, मगच दगडांत अडकलेले दाणे काढायचा. पण कुंदावहिनींची घाई चालली होती. नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते आणि बेसन अर्धंच दळून झालं होतं. त्यांची समजूत घालता घालता दशरथचा हात थेट चक्कीच्या तोंडात गेला. दाणे निघाले. हात निघेना. बोटातलं तांब्याचं वळं आत कुठंतरी अडकलं होतं.

त्यानं हसत मान वळवली आणि हसू तिथंच विरलं. खटका वरच होता. करंट आला की मोटर आपोआप सुरू व्हायची, आणि तिच्याबरोबर दगड.

"वयनी, तो खटको खाली ओढा."

"दशरथभाऊ, थट्टा पुरे. मी चिकटले म्हणजे?"

"थट्टा नाय. हात अडाकलो माझो."

"मागच्या बुधवारी पण हेच," सुगंधाकाकी पिठाचा डबा कवटाळून म्हणाल्या. "मी बोंबलत रस्त्यावर गेले नि हा इथं हसत बसलेला."

तेवढ्यात दारावरच्या दिव्याची तार लालसर झाली आणि विझली; करंट यायच्या बेतात होता. दशरथच्या कपाळावरच्या पिठातून घामाचा ओघळ उतरला. ही थट्टा नाही, हे आता दोघींनाही कळलं.

कुंदावहिनी खटक्यापाशी गेल्या. हात वर गेला आणि तिथंच थांबला.

"खोटा होता ता," दशरथ म्हणाला. "सगळा खोटा."

"आता हात सुटावा म्हणून सांगताय."

तार पुन्हा लाल झाली.

"मरू दे तो खटका," काकी म्हणाल्या. "मोटरीवरचा हा पट्टा काढला तर दगड फिरेल का रे?"

दशरथनं नाही म्हणून मान हलवली. पट्टा जुना, सैल पडलेला. राळ चोळून चोळून चालवायचा. काकींनी पदर खोचला. चाळीस वर्षं विहिरीचं पाणी ओढलेले हात ते. पाय भिंतीला लावून एकदा ओढला, दोनदा ओढला. तिसऱ्यांदा पट्टा चाकावरून निसटून त्यांच्या पायावर पडला.

आणि दिवा लख्ख लागला. मोटर रिकामीच किंचाळत फिरू लागली. दगड जागचा हलला नाही.

दशरथनं डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा मोटरचा आवाज उतरत चालला होता. कुंदावहिनींनी खटका खाली ओढला होता आणि दिव्याखाली त्या आपली बोटं उलटसुलट करून बघत होत्या.

"नाही हो पडली काळी."

"पडतत," दशरथ हळूच म्हणाला, "कधी कधी दोन दिवसांनी."

वळं सुटावं म्हणून काकींनी त्याच्या हातावर ओतायला आणलेलं गोडं तेल सरळ त्याच्या डोक्यावर ओतलं.