दुपट्याची गाठ

पहिली लेक काशी गेली आणि मी खंडोबाशी बोलणं सोडलं. आम्ही दौलताबादच्या किल्ल्याखालचे मेंढपाळ. निजामाचं राज्य होतं. तान्ह्या लेकराची छाती भरली की आमच्याकडे 'डबा झाला' म्हणत आणि पोटावर बिब्ब्याचे चटके देत. काशीलाही दिले. मला ते बघवेना, मी तोंड फिरवून उभा राहिलो. दवाखाना औरंगाबादेत होता, पण तो कुणाच्या मनातही आला नाही. लेकरू गेलं.

दुसरी लेक मंजुळा तशीच खोकू लागली, दूध ओढेनाशी झाली. माझी बायको सखू नवस बोलली, औरंगाबादेजवळच्या सातारा गावच्या खंडोबाची पायरी येईपर्यंत लेकीचं अंग कुणापुढे उघडायचं नाही, नजर नको. दुपट्यात घट्ट बांधलेली पोर घेऊन आम्ही सकाळीच निघालो. मी देवावर रुसलेलाच होतो, पण त्याच्याशिवाय जाणार कुणाकडे?

वाटेत पडेगावात एका मुसलमान पिंजाऱ्याच्या ओसरीवर पाणी मागितलं. पाणी देता देता त्याची बायको मंजुळाच्या तोंडाकडे बघत थबकली.

"नाकपुड्या कशा फुलतात बघा. दुपटं सोड गं माय."

"नवस हाय," म्हणत सखूने लेकीला आणखीच आवळलं.

"मी बी माझं पोरगं असंच बांधून ठिवलं व्हतं. गेल्यावर न्हाऊ घालताना सोडलं." ती जवळ सरकली. "धाकट्याच्या वक्ताला दवाखान्यात मला दाखवलं, छाती कशी बघायची ते. तुमच्या देवाला दुपट्यातलं दिसत नाय व्हय?"

गाठ मी सोडली. श्वास भरभर चालला होता आणि दर श्वासाला छाती बरगड्यांखाली खोल आत ओढली जात होती. पोर बारीक कण्हत होती. अंग फारसं तापलं नव्हतं, म्हणून दुखणं इतकं वाढलंय हे आम्हाला कळलं नव्हतं. आजारी कोकराची कूस अशी उडाली तर मला लांबूनच कळतं. पोटची पोर मात्र आम्ही झाकून ठेवली होती.

"आधी दवाखाना, देव मागनं," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याने टांगा थांबवून आम्हाला बसवलं.

दवाखान्यात मंजुळा बरेच दिवस होती. एका सकाळी तिने दूध ओढलं तेव्हा सखू हमसून रडली, आणि तिच्या तोंडून नाव आलं ते काशीचं.

मंजुळा बरी झाल्यावर खंडोबाला गेलो. तिच्या उघड्या छातीवर भंडारा लावला. पडेगावच्या ओसरीवर मला तोच भेटला असं मी मानतो, कुणाला हसायचं तर हसो. हात जोडले की उपकार आठवतात, आणि काशीही आठवते. तिची छातीही अशीच आत जात असेल. मी बघितलीच नाही. पूर्वी हे दुःख झाकून मी देवावर रुसायचो. आता ते त्याच्या पायरीवर उघडं ठेवतो, आणि तोंड फिरवत नाही.