वैजूताईंचा उजवा हात

वैजूताई बोलता बोलता मध्येच थांबायच्या. "एक मिनिट हं, हात अडकलाय," असं म्हणायच्या आणि हेडफोनमधून ओढाताणीचा, बांगड्यांचा आवाज यायचा. मग सोडलेलं वाक्य जिथल्या तिथून पुन्हा सुरू. त्यांचं लिहिणंही तसंच, काना-मात्रा गळालेलं आणि आखूड. बाईंना टायपिंग येत नसावं असं आम्ही धरून चाललो होतो. त्या डाव्या हाताने टाइप करतात आणि उजवा हात दिवसभर दुसऱ्याच्या मुठीत असतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आमची ओळख एका ऑनलाइन खेळातली. राक्षस, किल्ले, लढवय्ये आणि जादूगार असलेला हा खेळ काही हौशी मंडळी फुकट चालवतात. मी अलिबागला विम्याच्या कचेरीत नोकरी करते आणि रविवारी या खेळाचे नियम तपासते. माझ्याबरोबर पुण्याचा ओंकार आणि मुरुडच्या वैजूताई. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुदतीआधीच निवृत्त झालेल्या. मुलाने दुबईला जाताना हा खेळ त्यांच्या लॅपटॉपवर टाकून दिला होता, आईशी गप्पा होतील म्हणून. "तो चार महिन्यांत कंटाळला," त्या सांगायच्या, "मी राहिले. मला जायचं कुठे होतं?"

त्या वर्षी आमच्यापुढे प्रश्न होता स्पर्शमंत्रांचा. आमच्या खेळात जादूगाराचे सगळ्यात जबर मंत्र हाताच्या स्पर्शाने लागतात. पण जादूगार अंगाने नाजूक. शत्रूपर्यंत पोचायच्या आतच तो मरतो, पोचला तरी हात चुकला की मंत्र वाया. त्यामुळे सगळे जादूगार लांब उभे राहून आगीचे गोळे फेकत बसायचे. ओंकार म्हणाला, स्पर्शमंत्राची ताकद दुप्पट करू. तसं केलं असतं तर नुसतं बोट लागून सगळ्यात मोठा लढवय्या आडवा झाला असता.

"हे पटत नाही. पुन्हा मांडा," वैजूताई म्हणाल्या. चौथीच्या मुलाला फळ्यापाशी उभं करावं तसा त्यांचा सूर. मग त्यांनीच मांडलं. हात चुकला तरी मंत्र वाया जाऊ नये, तो हातात थांबून राहावा. मात्र थांबलेला असेपर्यंत त्या हाताने दुसरं काहीच करता येणार नाही. दार उघडता येणार नाही, दोर धरता येणार नाही. आणि पहिला स्पर्श ज्याला होईल त्याला मंत्र लागणार, मग तो मित्र का असेना.

"फारच जाच होतोय जादूगाराला," ओंकार म्हणाला.

"होऊ दे. हातात काही धरून ठेवायचं म्हणजे काय, ते कळू दे त्याला."

आम्ही नियम चाचणीला लावला आणि तो कमालीचा जमला. जादूगार पुढे येऊ लागले, त्यांचे साथीदार त्यांच्यापासून चार पावलं लांब चालू लागले. ताई स्वतः चाचणीत उतरल्या की भारलेला हात घेऊन भुयारात कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहायच्या. मी म्हणायची, "ताई, लावा ना कुणाला तरी." त्या म्हणायच्या, "घाई काय आहे?"

मग एकदा ऑफिसच्या कामाने मुरुडला जाणं झालं. काम दुपारीच आटोपलं म्हणून ताईंना फोन केला. मग त्या म्हणाल्या, "ये. पण दाराला कुलूप असेल, खिडकीतून चावी देते."

बाजारामागे बौद्धवस्तीत त्यांचं घर. खिडकीच्या गजांतून डावा हात बाहेर आला, त्यात चावी. कुलूप दोन्ही बाजूंनी लागणारं. मी आत गेल्यावर त्यांनी "जय भीम" केला आणि लगेच म्हणाल्या, "आतून पुन्हा लाव." बाहेर लख्ख ऊन असून आत दिवा लागलेला. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या बंद, चावीपुरती उघडलेली पलंगालगतची ती एक सोडून. बुद्धाच्या तसबिरीखाली पलंगावर त्यांचे यजमान दिनकरराव बसले होते आणि त्यांनी ताईंचं उजवं मनगट घट्ट धरलं होतं.

दिनकरराव एसटीचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर स्मृती जाऊ लागली. एकदा ते घरातून निघून आगारात गेले आणि उभ्या गाडीत स्टिअरिंगवर जाऊन बसले. तेव्हापासून कुलूप. रस्त्यावरची गाडी दिसली की ड्युटीला जायचं म्हणून आरडाओरडा, म्हणून खिडक्या बंद. ताईंचा हात हातात असला की ते शांत असत. मी बसले असतानाच त्यांनी ते मनगट पुढे लोटलं, मग मागे ओढलं.

"घाट लागला," ते मला म्हणाले. "गाडी दम खातेय. बसून घे बाय, उभी नको राहूस."

"गिअर टाकतायत," ताई म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर काळसर वळ उमटला होता. "लोक म्हणतात, बाई काय सेवा करते! सेवा कसली गं? सुटता येत नाही, एवढंच आहे."

मग त्या एकदम म्हणाल्या, "दोन मिनिटं तुझा हात देशील? नाक्यावरून औषध आणते."

मी हात दिला. ताईंनी चप्पल घातली, बाहेरून कुलूप लावलं आणि गेल्या.

दिनकररावांची पकड जबरदस्त होती. सोडवायला गेलं की ते "न्हाय, न्हाय" करत रडवेले व्हायचे. पर्स पलीकडे टेबलावर, फोन पर्समध्ये. तो वाजला, वाजून थांबला. घशाला कोरड पडली, माठ दिसत होता, हात पोचत नव्हता. घाट संपला, पुन्हा सुरू झाला. खिडकीच्या फटीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. आधी मला ताईंचा राग आला, मग काळजी वाटू लागली. त्यानंतर वेगळाच विचार आला. ही बाई परत आलीच नाही तर? हाका मारल्या असत्या तर वस्तीतलं कुणी आलंही असतं. पण माझा आवाज चढला की ते माणूस थरथरायचं.

कुलूप उघडल्याचा आवाज आला तेव्हा दिवेलागण झाली होती. ताईंच्या साडीचे काठ धुळीने भरलेले. हातात औषध नव्हतं.

"अलिबागची गाडी उभी होती," त्या दारातच म्हणाल्या. "चढले. तिकीटही काढलं. वाटेत विहूरला उतरले आणि चालत परत आले."

"का उतरलात?" माझ्या तोंडून गेलं.

"तू होतीस ना इथे. तू नसतीस तर... माहीत नाही." त्यांनी माझ्या हाताच्या जागी आपला हात सरकवला. दिनकररावांना फरक कळला नाही.

पुढच्या रविवारी ताईंनी आपल्याच नियमात दुरुस्ती मागितली. हातात थांबवलेला मंत्र जादूगाराला वाटेल तेव्हा, कुणालाही न लावता, सोडून देता यावा. त्याबद्दल कसलीही शिक्षा नको.

ओंकार वैतागला. "ताई, मग तोल काय राहिला? तुम्हीच म्हणाला होतात, जाच होऊ दे."

"म्हणाले होते. चुकलं माझं. धरून ठेवणं अवघड असू दे, हवं तेवढं. पण सोडायची मुभा नसेल तर तो खेळ नाही, कोंडवाडा आहे. मी यावर हटणार नाही."

मी त्यांच्या बाजूने झाले. ओंकारने कुरकुरत दुरुस्ती घातली. खेळात आजही ती आहे, आणि ती फारसं कुणी वापरत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईंनी दिनकररावांना पनवेलच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. वस्तीने नावं ठेवली, दुबईहून मुलगा फोनवर ओरडला. ताईंनी ऐकून घेतलं आणि ठरलेल्या दिवशी गाडी बोलावली. पोचल्यावर तिथल्या मावशींनी दिनकररावांपुढे हात केला. त्यांनी तो धरला आणि चालू लागले. वळूनही पाहिलं नाही.

"इतकी वर्षं वाटत होतं, ह्यांना मीच लागते," ताई मला फोनवर म्हणाल्या. "ह्यांना हात लागत होता गं, कुणाचाही." एवढं बोलून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. ते हसणं ऐकवत नव्हतं.

खेळात त्या पुन्हा आल्या नाहीत. दर आठवड्याला एसटीने पनवेलला जातात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. त्या दिनकररावांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या, केळं सोलून दिलं, वस्तीतल्या चार गोष्टी सांगितल्या. वेळ संपल्यावर उठल्या. दार उघडंच होतं, जाऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं. तरी ताई उंबऱ्याशी थांबल्या. मी पुढे जाऊन वळून पाहिलं, तर त्या अजून तिथेच उभ्या होत्या.