एका ठिपक्याची इरकल

फुलपाखरांना मराठीत वेगवेगळी नावं असतात हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. म्हणजे असतीलही, पण आमच्यापर्यंत आली नव्हती. उडतं ते फुलपाखरू, दिव्यावर येतो तो पतंग, संपलं. मग आम्ही आमची नावं ठेवली, आणि सोलापुरात बसून ठेवलेली नावं कुठल्या वळणावर जाणार? लुगड्यांच्याच की.

हे काम अक्काचं. अक्का म्हणजे आमच्या गल्लीतली शेजारीण, घरात माग असलेली. सासर-माहेर दोन्हीकडं तेलुगू, आणि मराठी बोलायची तीसुद्धा मागाच्या ठेक्यात. सगळं आयुष्य सुताच्या आणि रंगाच्या वासात गेलेलं. बारकं पिवळं फुलपाखरू दिसलं की म्हणायची, "हळदीचं पातळ." करड्या पंखांवर बारीक ठिपके असले की, "खडीचं." रुईच्या झाडाभोवती घोटाळणारं ते केशरी, पंखाच्या टोकाला काळा पदर आणि पदरात पांढरे पट्टे, ती "इरकल". आणि काळंभोर, मखमलीसारखं, पंखांत मोठाले पांढरे चंद्र, उन्हात धरलं की चंद्राभोवती जांभळी झाक मारणारं, ती "चंद्रकळा". संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेली बाई ज्यानं बघितली आहे त्याला हे नाव पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही चौघं होतो. बहात्तरचा दुष्काळ सरला, पाऊस पुन्हा माणसांत आला, आणि कंबर तलावाच्या काठी गवत-झुडपं अशी माजली की फुलपाखरांची जत्राच भरली. सासूबाईंना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, त्यांच्या सोबतीला मी जायची. अक्का माझ्या सोबतीला. तिथं एक रिटायर झालेले ड्रॉइंगचे गुरुजी मांडीवर वही घेऊन बसलेले दिसायचे, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर गवतात वाकून काहीतरी शोधताना दिसायचे. रोज दिसणारी माणसं किती दिवस न बोलता राहणार? सासूबाईंनीच विचारलं सरांना, "काय हरवलंय का हो?" तिथून ओळख झाली, आणि मग दर रविवारी सकाळी भेटायचं असं ठरून गेलं. सासूबाई पाचव्या, पण त्या बाकावर बसून शेंगा खायच्या आणि आम्हाला नावं ठेवायच्या, म्हणून त्यांना मोजत नव्हतो.

सर शिकलेले होते, पण स्वतःच सांगायचे, "माझा सगळा जन्म बेडूक आणि झुरळात गेला. फुलपाखरं मी तुमच्याबरोबरच शिकतोय." कॉलेजच्या लायब्ररीत एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, बाहेर न्यायला परवानगी नव्हती. सर तिथं बसून वाचायचे आणि रविवारी आम्हाला तोंडी सांगायचे. चित्रं त्यात काळी-पांढरी. त्यामुळं आमचं खरं पुस्तक म्हणजे गुरुजींची चित्रं. काय हात होता त्यांचा! फुलपाखराच्या मिशीचं टोक जाड झालंय की नाही तेसुद्धा बघून काढायचे. पतंगांचीही काढायचे. सकाळी दारावरच्या दिव्याखाली भिंतीला चिकटून बसलेले असतात ना, तसा एखादा दिसला की आमच्याकडं निरोप धाडा म्हणायचे. सासूबाईंच्या केरसुणीच्या आधी मी तिथं पोचायची धडपड करायची.

आमचा एक नियम होता. एकानं बघितलं म्हणून ते खरं नाही. दोघांनी बघितलं तरच चित्र पक्कं. हा नियम गुरुजींचाच. म्हणायचे, "माणूस जे बघायचं असतं तेच बघतो. दुसरा डोळा लागतो."

आणि त्यांनाच तो नियम बाधला.

गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. तेव्हा ते पिकू द्यायचे आणि मग ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर जाड भिंगाचा चष्मा. पुढं ब्रश पूर्वीसारखा चालेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती, त्यांना तर नव्हतीच. म्हणून त्यांनी मनाशी धरलं होतं की ऑपरेशनच्या आधी आपल्या फुलपाखरांचा एक मोठा तक्ता करायचा आणि आपल्या जुन्या शाळेच्या भिंतीवर लावायचा. पोरांनी येता-जाता बघावं, एवढंच. दर रविवारी कागदाची गुंडाळी घेऊन यायचे, एकेक घर भरलेलं दाखवायचे.

एका रविवारी त्यांनी इरकल दाखवली. सुंदर उतरली होती. रंग तर असा, की कागदावरून उडेल. सर बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "गुरुजी, मागच्या पंखावर एकच ठिपका काढलाय. तीन असतात, कधी चार."

"मी एकच बघितला," गुरुजी म्हणाले.

"चुकून राहिले असतील."

"राहिले नाहीत. घोळीवर बसली होती. बराच वेळ बघितली."

तिथंच रुईवर दोन-तीन इरकली उडत होत्या. आम्ही बघितलं, मोजलं, प्रत्येकीला तीन ठिपके. अक्का म्हणाली, "गुरुजी, उन्हात डोळे चकतात हो. माझेपण धाग्यावर चकतात." तिनं काही वाईट मनानं म्हटलं नाही. सरांनीही पेन्सिल पुढं केली, "दोन ठिपके आता देऊन टाका, काय बिघडलं?"

गुरुजींनी पेन्सिल घेतली नाही. रुईकडं बघितलं, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं. मग तक्ता गुंडाळला, सुतळीनं बांधला. म्हणाले, "मला तिथले ठिपकेच दिसत नाहीत नीट. मग मी आतापर्यंत काय काय काढलं असेल कुणास ठाऊक."

त्यानंतर ते यायचे थांबले. मी एकदा घरी जाऊन आले. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, ब्रश धुऊन फडक्यात बांधून ट्रंकेत टाकलेत, आणि दिवसभर रेडिओ ऐकत बसतात. तक्ता अर्धाच. एका दृष्टीनं बघितलं तर काय, कागदच तो. पण माणूस स्वतःच्या डोळ्यांना खोटं म्हणायला लागला की जेवणातसुद्धा त्याचं मन लागत नाही हो. मंडळींनी हेच सांगितलं, की वाढलेलं ताट तसंच ठेवतात.

आता घोळीचं सांगते. आमच्या मागच्या अंगणात नळाचं पाणी सांडायचं तिथं घोळ आपोआप उगवायची. जाड पानं, तांबूस देठ, आंबट भाजी. सासूबाईंचा जीव त्या भाजीवर. त्या अक्कलकोटकडच्या, भाजी कानडीत निवडायच्या, म्हणजे निवडताना तोंडानं कानडी चालू. एक दिवस परातीतून त्यांचा आवाज आला, "एनव्वा इदु?" हे काय गं बाई, म्हणून. मी जाऊन बघते तर काळ्या अळ्या, अंगभर काटे, डोक्यावर दोन शिंगं. एक, दोन नाही, चांगल्या चार-पाच.

"घे तुजी लेकरं," सासूबाई म्हणाल्या. "आनि भाजी पन त्यांनाच घाल. आमी काय, चटणी-भाकरी खातू की."

आमच्या चौघांत अशी रीत पडली होती, की भाजीत, झाडावर, कुठंही अळी सापडली तर फेकायची नाही. काचेच्या बरणीत ठेवायची, तोंडाला मलमल बांधायची, ती जे पान खाताना सापडली तेच घालायचं आणि वाट बघायची. काय निघेल ते निघेल. ह्या अळ्या मी कधी बघितल्या नव्हत्या. बरणी फडताळावर ठेवली आणि रोज ताजी घोळ घालू लागले. अळ्यांची भूक म्हणजे काय विचारू नका. अंगणातली घोळ बघता बघता संपत आली.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "लोकं राघू पाळत्यात, मैना पाळत्यात. आमच्यात अळ्या हायत. सूनबाई त्यांना भरवती, मग आमाला वाढती."

अळ्यांचे कोष झाले. उलटे लोंबकळणारे, मातकट, वाळक्या पानासारखे. मग एका सकाळी चहा टाकता टाकता बघितलं तर बरणीत काळं काहीतरी. पंख ओले, चुरगाळलेले, पिळून ठेवलेल्या धुण्यासारखे. हळूहळू उलगडले. पांढरे चंद्र, जांभळी झाक. चंद्रकळा! मला इतका आनंद झाला, की चहा उतू गेला. चंद्रकळा लहानपणी काय खाते हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. घोळ खाते, आमच्याच नळाजवळची. अक्काला हाक मारली, तीही बघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुसरा कोष फुटला. मी चंद्रकळेचीच वाट बघत होते. आणि त्यातून निघाली इरकल.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. रुईचं पान चुकून बरणीत गेलं असेल, त्याबरोबर दुसरी अळी गेली असेल. पण रुई तर आमच्या घरात येते ती फक्त शनिवारी, मारुतीच्या माळेपुरती, आणि तीही देवळात जाते. शिवाय बरणीत मी स्वतःच्या हातानं घोळीशिवाय काही घातलं नव्हतं. मग पंख पूर्ण उघडले. केशरी, काळा पदर, पांढरे पट्टे, सगळं इरकलीचं. मागच्या पंखावर बघितलं.

ठिपका एकच.

"आई," मी म्हटलं, "जरा बघा, ठिपके किती?"

सासूबाईंनी पदरानं बरणी पुसली, उजेडात नेली. "येकच हाय की. का गं, किती पायजेत?"

मी सरांकडं निरोप धाडला. सर दुपारी लायब्ररीतून थेट आमच्याकडं आले, घामाघूम. चंद्रकळेचं पान त्यांनी पूर्वी कितीदा वाचलं होतं, पण चित्राखालचं बारीक अक्षर कधी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की काळं असतं तो नर. मादी अगदी निराळी, केशरी, रुईवरच्या फुलपाखराची नक्कल करणारी. रुईचा चीक खाऊन ते फुलपाखरू कडू होतं, पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. ही कडू नाही, पण तसलं रूप घेतलं की पक्षी हिलाही सोडतात.

अक्का ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे सावकारणीसारखी साडी नेसून लग्नात जेवून आल्यासारखं."

"लबाड हाय," सासूबाई म्हणाल्या, "पन शानी हाय."

बघा, आम्ही साडीवरून बाई ओळखत होतो. साडी वेगळी म्हणजे बाई वेगळी, साडी तीच म्हणजे बाई तीच. गावभर दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. नवरा-बायकोला आम्ही दोन घरांत बसवलं होतं, आणि परक्या दोघींना एकीत जमा केलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत बरणी पदराखाली धरून मी गुरुजींकडं निघाले. सर बरोबर. अक्काचा माग चालू होता, तिला उठता येईना. सासूबाई म्हणाल्या, मीपण येते. वाटेत टांगे, सायकली, मिलचा भोंगा होऊन सुटलेली माणसं. मी बरणी अशी जपत होते, की लोकांना वाटावं तूप घेऊन चाललीय.

गुरुजी ओसरीत बसले होते. रेडिओ चालू. मी बरणी त्यांच्यापुढं ठेवली. सर सांगायला गेले, तसं गुरुजींनी हात वर केला. "सांगू नका. मी बघतो."

मंडळींना भिंग आणायला सांगितलं. बरणी उन्हाच्या तिरपेत धरली, फिरवली, वाट बघितली. ती बया पंख मिटून बसलेली. रेडिओवर बाजारभाव चालले होते. मग तिनं पंख उघडले. गुरुजी भिंगातून बघत राहिले.

"एकच," ते म्हणाले.

"एकच," सर म्हणाले. "घोळीवरची. तुम्ही बघितलेली. ही इरकल नाही गुरुजी, ही चंद्रकळेची बायको."

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. खुशीनं काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मी सोडून अजून कुणी कुणी मोजला?"

"मी," मी म्हटलं. "आणि आईंनी."

"त्यांना दिसतं का नीट?"

"अजून सुईत दोरा ववते मी," सासूबाई म्हणाल्या. "तुमी आपलं बगा."

"मग झाले दोघं," गुरुजी म्हणाले, आणि मंडळींकडं वळून, "ट्रंक उघडा जरा. आणि वाटीत पाणी."

तक्ता उलगडला. एका ठिपक्याची ती तशीच होती, जशी त्या रविवारी गुंडाळली तशी. त्यांनी तिच्यावर वरून काही काढलं नव्हतं. तिच्या शेजारचं घर मोकळं होतं. चंद्रकळा खाली दुसऱ्या ओळीत काढलेली होती, ती त्यांनी आता हिच्या शेजारी नव्यानं काढायला घेतली. ऑपरेशन पुढं दिवाळीनंतर झालं, जाड चष्मा आला, त्याचा त्रास झाला, ते सगळं झालंच. पण तक्ता त्याच्या आधी शाळेच्या भिंतीवर लागला होता.

तो ब्रश वाटीत बुडाला तेव्हाचं पाणी काळं झालेलं मला आठवतं. मी बरणी धरून बसले होते. गुरुजी मान वर न करता म्हणाले, "ताई, हलवू नका हं."

माझा हात अवघडला. सासूबाई शेजारी बसून हे सगळं बघत होत्या. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"आता तरी घोळीची भाजी करू देतीस का?"